ब्रुनो कामावर हजर आहे

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्याने सुरक्षा सप्ताहानिमित्त कर्मचाऱ्यांसाठी 'वेदनामुक्त पाळीव प्राणी' ही स्पर्धा जाहीर केली. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी अंकुश सावे यांच्या घरी ब्रुनो नावाचा कुत्रा होता. केळव्याच्या नारळवाडीत, झावळ्यांच्या ढिगाऱ्यावर उड्या मारत वाढलेला हा गावठी जीव आजवर एकदाही कुठे पडला नव्हता. कारण त्याच्या सुरक्षेकडे अजून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

सावे यांनी घराची पाहणी केली. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लागला, वायरी उंचावर गेल्या, फिनेलची बाटली कुलपात गेली. इथवर शहाणपणाचं होतं आणि इथेच थांबायला हवं होतं. पण सावे अधिकारी होते. त्यांनी फरशीवर पिवळ्या पट्ट्या मारून ब्रुनोचा अधिकृत मार्ग आखला. चारही पायांना रबरी बूट, पाठीवर चमकणारं जाकीट आणि रोज सकाळी खाण्याआधी सुरक्षेवर भाषण. ब्रुनो ते शेपटी हलवत ऐके. कारखान्यात एवढंही कोणी करत नाही. सोफ्यावर चढायला 'उंचीवरील कामाचा परवाना' लागे. ब्रुनोच्या वतीने सावेच तो मागत आणि सखोल विचारांती सावेच मंजूर करत.

भिंतीवर फलक लागला : 'या घरातील शेवटचा अपघात – अद्याप नाही.'

रविवारी परवाना मंजूर झाला. ब्रुनो सोफ्यावर चढला आणि उतरताना बुटात बूट अडकून असा आपटला की त्याचं केकाटणं खालच्या रिक्षास्टँडपर्यंत गेलं. मागचा पाय टेकवेना.

"अहो, गाडी काढा. पालघरला डॉक्टरांकडे नेऊ," सावे यांची बायको प्रियंका म्हणाली.

"थांब. डॉक्टरकडे नेला की अपघात झाला असं होईल. मग स्पर्धेतून बाद."

"झालाच आहे ना!"

"ते अजून ठरायचंय."

सावे यांनी तिला नियम समजावला. जखमी दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला तर त्याला अपघात म्हणत नाहीत, किरकोळ प्रसंग म्हणतात. आता ब्रुनोचं काम काय? बेल वाजली की आवाज करणं. त्याला पाय लागतच नाहीत.

सोमवारी सकाळी ब्रुनोला उचलून दाराजवळच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. सावे बाहेर गेले, बेल दाबली. आतून कण्हण्याचा आवाज आला.

"हजर!" सावे म्हणाले.

तेवढ्यात तळमजल्यावरचा हितेश पाण्याच्या मोटरची किल्ली द्यायला वर आला. शिरगावचा हा माणूस त्याच कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कुत्र्याला खुर्चीत पाहून तो थबकला.

"सायेब, याला पन बसवला? माझे पायावर ॲसिड परला तवा मला पन असाच ऑफिसात खुर्चीव बसवलेला. फायली मोज बोलले."

"तुझा अपघात नोंदला गेला का?"

"नाय."

"म्हणजे झाला नाही."

हितेशने पँट वर करून पोटरी दाखवली. कातडं चुरगळून चकाकत होतं. "मंग हा काय हाय?"

"तो तुझा वैयक्तिक विषय आहे," सावे म्हणाले. हितेशने किल्ली ठेवली आणि जिना उतरला. चांगला माणूस; वाद घालत नाही, म्हणून तर कंत्राट टिकून आहे.

प्रियंकाला रडू आलं. तिने ब्रुनोला उचललं आणि ती चपला शोधू लागली.

"शुक्रवारी परीक्षण आहे. तोवर कळ काढ," सावे म्हणाले.

"मी कुठे काढतेय? तो काढतोय!"

"पहिलं बक्षीस मिळालं तर ठाण्याच्या ऑफिसात बढती आहे. ठाण्यात राहायचं कोणाला होतं?"

प्रियंका थांबली. तिने ब्रुनोला अलगद पुन्हा खुर्चीवर ठेवलं. त्याच्याखाली तिने उशी सारली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

शुक्रवारी परीक्षण समिती घरी आली. "कुत्रा उठत नाही?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"शिस्त, सर. परवान्याशिवाय उतरत नाही."

समिती भारावली. साहेबांनी कौतुकाने पाय कुरवाळला तेव्हा ब्रुनो कळवळून रडला. प्राणी भावुक झाल्याचा शेरा पडला आणि पहिलं बक्षीस जाहीर झालं.

शनिवारी त्याला पालघरला नेलं. डॉक्टरांनी खुबा चाचपला. "सांधा निसटलाय. लगेच आणला असता तर जागेवर बसला असता. आता ऑपरेशन, आणि तरी थोडा लंगडेलच. कधी पडला?"

प्रियंकाने नवऱ्याकडे पाहिलं. सावे यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"पडला नाही हो," प्रियंकाच म्हणाली. "चालच तशी आहे त्याची."

बक्षिसाचा फोटो त्याआधीच सगळीकडे पोचला होता. ढाल घेतलेले सावे, साहेबांच्या कडेवर ब्रुनो, लोंबकळणारा पाय अगदी मधोमध. तुमच्याही ग्रुपवर तो आला होता. तुम्ही खाली टाळ्या टाकल्यात आणि पुढचा मेसेज उघडलात.