सशाचा काटा आणि गोजीचा पहिला नंबर

एका जंगलात, बाळांनो, बगळेगुरुजींनी सहानुभूतीची शाळा काढली. दुसऱ्याचं दुखणं पिल्लांना चेहऱ्यावरून ओळखता आलं पाहिजे, असं ते म्हणत. आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. पुढे ऐका तर खरं.

चंद्री वानरीण हरखून गेली. तिने आपल्या गोजीला लगेच शाळेत घातलं.

वर्गात समोर एक ससा बसवलेला असे. त्याच्या पंजात बाभळीचा काटा.

"डोळे कसे?" गुरुजी विचारत.

"आक्रसलेले!" पिल्लं ओरडत.

"कान?"

"पडलेले!"

"म्हणजे काय?"

"वेदनाऽऽ!"

काटा मात्र कुणी काढायचा नाही. दुपारच्या वर्गालाही तोच चेहरा लागे. सशाला कोवळं गवत मिळे, त्यामुळे तोही बिचारा लंगडत का होईना, वेळेवर येई.

एक दिवस गोजी उठली आणि दातांनी काटा उपटून मोकळी झाली.

गुरुजींनी चंद्रीला बोलावून घेतलं. "बाई, तुमच्या मुलीने नमुना खराब केला. ससा चक्क हसतोय! आता मी शिकवू काय, कपाळ?"

"लहान आहे हो, गुरुजी. तिला बघवत नाही."

"बघवत नाही, हाच तर दोष. बघायला शिकवा. नाहीतर नाव कमी करतो."

चंद्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अस्वलीणबाईंचं पिल्लू पोटदुखी आणि दातदुखी लांबून वेगळी ओळखतं, आणि आपली कार्टी वर्गात हात चालवते! घरी येऊन तिने गोजीला समोर बसवलं.

"हाताची घडी घालायची. बघायचं आणि सांगायचं. उठायचं नाही."

"पण आई, त्याला दुखतं ना गं?"

"दुखू दे. तुला ओळखता आलं की झालं."

हे बोलताना तिने गोजीकडे बघायचं टाळलं. पण तिला अस्वलीणबाई आठवल्या आणि तिने मन घट्ट केलं.

सशाला नवा काटा टोचण्यात आला. गोजी सुरुवातीला रडायची, मग नुसती बघायला लागली. परीक्षेत ती पहिली आली. चंद्री झाडोझाडी चिंचा वाटत सुटली आणि त्या भरात फांदी मोडून थेट करवंदीच्या जाळीत कोसळली. अंगभर काटे रुतले, पाय अडकला, हलता येईना.

"गोजे, धाव गं! ओढ मला बाहेर!"

गोजी धावत आली. समोर नीट मांडी घालून बसली. तिने हाताची घडी घातली आणि आईचा चेहरा लक्ष देऊन पाहिला.

"डोळे आक्रसलेले. ओठ दाबलेले. वेदना, तीव्र. बरोबर ना गं, आई?"

"बरोबर, बाळ," चंद्री कण्हली. "आता हात दे."

"हलू नकोस हं," गोजी आनंदाने म्हणाली. "मी सगळ्या वर्गाला बोलावून आणते. त्यांचाही सराव होईल."

तात्पर्य: दुसऱ्याची वेदना अचूक ओळखणारं मूल शाळेचं नाव उज्ज्वल करतं आणि काटा काढणारं मूल वर्ग बंद पाडतं. म्हणून आईबापांनी मुलांना वेळीच वळण लावावं आणि स्वतः शक्यतो काट्यांत पडू नये.