कुंदाच्या रुखवतातलं रीळ

शेवरे हे बेट समुद्रात सैल आहे, आणि ते वाहून जाऊ नये म्हणून खाजणपेठच्या धक्क्यावरून गरी, म्हणजे गळ, टाकून त्याला धरून ठेवावं लागतं. ज्यांनी त्या बेटावर मुली दिल्या आहेत त्यांचं हे काम. मुलीच्या लग्नात रुखवतावर लाडू, चिरोटे मांडतात, त्यांच्या मधोमध एक रीळ ठेवायचं, आणि नवरी होडीतून बेटावर पोचली की ते धक्क्याच्या कठड्यावर बसवायचं. दोरी समुद्रावरून बेटापर्यंत जाते. तिची गरी मुलीच्या नव्या अंगणातल्या माडात रुतवतात, आणि इकडे बाप दांडी धरून बसतो. बाप गेला की भाऊ बसतो. आजवर बेट कुठे गेलेलं नाही.

वामनराव टेंबुलकरांची कुंदा त्या वर्षी शेवऱ्याला द्यायची ठरली. वामनरावांची भाताची गिरण होती. कुंदा लहान असतानाच तिची आई गेली, आणि तेव्हापासून गिरणीच्या धुरळ्यात बाप-लेक दोघंच राहिले होते. सोयरिकीच्या बैठकीत व्याही फार सज्जनपणे बोलले. सोनं नको, भांडी नकोत, मानपानाचं मनातही आणू नका, असं म्हणाले. मग चहा संपवून त्यांनी जरा घसा साफ केला आणि रीळ तेवढं भरवशाचं असावं, असं सांगितलं. मांडवाच्या खर्चाने वामनरावांचा हात आधीच आखडला होता. भरवशाचं आणि परवडणारं या दोन गोष्टी एका रिळात कशा बसवायच्या, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

सल्ला द्यायला मात्र गाव तयार होतं. कोणी म्हणालं पितळेचंच घ्या, कोणी म्हणालं पितळ खाऱ्या वाऱ्याला काळं पडतं. ऐकावे जनाचे करावे मनाचे, असं म्हणतात खरं, पण वामनरावांच्या मनात रिळाचं नावच नव्हतं. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे पोरगी लांब चालली.

रिळं अंतोनशेट फर्नांडिसांकडे मिळत. साडीच्या दुकानात असते तशी त्यांच्याकडे पांढरी गादी होती, आणि तीवर बसल्याशिवाय रीळ दाखवत नसत. रीळ पारखण्याची त्यांची रीत साधी होती. गिऱ्हाईकाने दांडी धरायची, अंतोनशेट गरी स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवणार आणि चर्चच्या दिशेने चालू लागणार. तेवढ्या वेळापुरतं अंतोनशेट म्हणजे बेट. या कामात त्यांचे पट्टे फार जात, पण आजवर त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

पितळेचं रीळ लोण्यासारखं फिरत होतं. किंमत ऐकून वामनरावांनी ते हळूच गादीवर ठेवलं. नाकापेक्षा मोती जड नको, असं ते म्हणाले आणि अंतोनशेटनाही ते पटलं. प्लास्टिकचं रीळ अगदीच स्वस्त होतं. त्याची गरी अडकवून चालायला लागल्यावर अंतोनशेट चर्चच्या पायऱ्या चढून गेले, आत एक प्रार्थना करून आले, तरी रिळाने त्यांना धरलं म्हणून नाही. तिसरं रीळ करड्या रंगाचं होतं, दिसायला ओबडधोबड. अंतोनशेट चालत निघाले तशी दोरी मऊ आवाज करत सुटत गेली, मासळीबाजारापाशी मंद झाली, आणि मग शेट आपण होऊन वळल्यासारखे दुकानात परत आले. कोणी ओढलं हे त्यांनाही कळलं नाही. हेच घ्या, असं ते म्हणाले. किंमतही बेताचीच होती.

"पण ह्या सोडता," वामनराव म्हणाले.

"सोडतलाच," अंतोनशेट म्हणाले. "वामनराव, रीळ धरता कसा ता सगळे बघतत. ता सोडता कसा ता बघूक होया."

पण वामनरावांची नजर खालच्या फळीवर गेली होती. तिथे एक जुनं लोखंडी रीळ पडलं होतं. ते का पडून आहे, हे अंतोनशेटनी काही न लपवता सांगितलं. तीन बापांनी नेलं आणि तिघांनी परत आणून दिलं होतं, कारण ते ढील देत नसे. ढिलीचा स्क्रू होता, पण तो आवळला की आवळला. वामनरावांनी ते हातात घेतलं आणि शेटना चालायला सांगितलं. अंतोनशेट दारातून एक पाऊल पुढे गेले नाहीत. त्यांनी जोर केला तेव्हा पट्टा तुटला, आणि ते विजार सावरत आत आले. वामनरावांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान दिसलं. रीळ करड्या रिळाहूनही स्वस्त पडलं.

लग्न झालं. कुंदाला होडीत बसवताना वामनराव रडले नाहीत, कारण त्यांचं सगळं लक्ष रिळाकडे होतं. गरी माडात रुतल्याची खूण बेटावरून आली तसा त्यांनी स्क्रू शेवटपर्यंत आवळला.

धक्क्यावरचे दिवस सुखाचे होते. दुपारच्या उन्हात सगळ्या दोऱ्या पाण्यावर चकाकत असत आणि त्यांवर खंड्या पक्षी येऊन बसत. भरती आली की दोऱ्या आपसूक सुटत, बेट जरा लांब जाई, ओहोटीला परत येई. बाकीचे बाप दांडी मांडीवर ठेवून डुलक्या काढत. एकटे वामनराव ताठ बसत. त्यांची दोरी ना सुटे ना सैल पडे. कुंदा वाळत घालायची ती लुगडी त्यांना इथून दिसत, आणि ती काल होती तेवढ्याच अंतरावर आज आहे, या विचाराने त्यांचा जीव थंड होई. एवढं प्रेम दुसऱ्या कुणाच्या दोरीत नाही, असंही त्यांना वाटे.

गणपती झाल्यावर शेवऱ्याचे सरपंच मेघश्याम परुळेकर होडीने येऊन त्यांच्याशेजारी बसले. भांडायला आले नव्हते. बाकीच्या दोऱ्या सोडतात आणि एक सोडत नाही, त्यामुळे बेट कुंदाच्या माडाभोवती फिरू लागलं आहे, एवढंच त्यांनी कानावर घातलं. गावाची पूर्व हलली होती. देवळात ऊन मागच्या दाराने येत होतं आणि देवाच्या पाठीवर पडत होतं. ग्रामसभेने ठराव करून सूर्य उगवतो त्या दिशेला तूर्तास पश्चिम म्हणायचं ठरवलं होतं. पण म्हाताऱ्या माणसांना तिकडे तोंड करून अर्घ्य देणं जड जात होतं.

जास्त धरू नये असा काही नियम आहे का, असं वामनरावांनी विचारलं. सरपंचांनी आठवून पाहिलं. नियम एवढाच होता की रीळ भरवशाचं असावं, आणि या रिळाइतकं भरवशाचं धक्क्यावर दुसरं नव्हतं, हे त्यांना मान्य करावं लागलं. ते नमस्कार करून होडीत बसले. होडी नेहमीच्या वाटेने गेली आणि बेटाच्या पाठीमागच्या बाजूला लागली.

मग अमावास्येचं उधाण आलं. दुपारची वेळ होती, हवेत धुकं होतं, समुद्र आणि आभाळ यांत फरक करता येत नव्हता. सगळ्या दोऱ्या एकदम सुटू लागल्या आणि बेट निघालं. वामनरावांच्या दांडीला मात्र असा हिसका बसला की ते कठड्यावर आपटले. तरी त्यांनी दांडी सोडली नाही. लांबून काहीतरी फाटल्याचा आवाज आला, जुनं कापड फाटावं तसा. मग दोरी हलकी झाली, आणि रीळ ती गुंडाळू लागलं.

धुक्यातून आधी माड आला. माडामागून सारवलेलं अंगण, तुळस, वाळत घातलेली लुगडी, स्वयंपाकघर, आणि पडवीत खाटेवर झोपलेल्या कुंदाच्या सासूबाई. एवढा तुकडा अलगद येऊन धक्क्याला लागला. कुंदा चुलीपुढून उठून बाहेर आली. हातातला डाव तिने तसाच धरला होता.

वामनरावांना वाटलं, झालं. यापेक्षा जास्त देवाकडे काही मागायचं नाही. तुकडा धक्क्याला कायमचा बांधता येईल, गिरणीपर्यंत चालत जाता येईल, असं त्यांनी तिला भरभर सांगितलं. कुंदा कठड्यापाशी त्यांच्याजवळ बसली. ती रागावली नव्हती. गिरणीचा पट्टा बदलला का, दुपारी जेवता की नुसता चहा पिता, असं तिने विचारलं. तिचा हात त्यांच्या खरचटलेल्या हातावर होता. किती दिवसांनी असा स्पर्श झाला, हे कळून त्यांचे डोळे भरले.

"बाबानू, माका हय बरा वाटता," ती म्हणाली. "पण माझा अर्धा घर तिकडे हा. ते भिंत नसलेल्या खोलयेत बसलेत, जेवणाची वाट बघत."

धुक्यात लांबवर एक माणूस, त्यांचा जावई, अर्ध्या घरात पाटावर बसलेला पुसटसा दिसत होता. तो हाका मारत नव्हता. नुसता इकडे बघत होता.

"ढील सोडा, बाबानू."

त्यांनी स्क्रूला हात घातला. तो गंजून बसला होता. त्यांनी दोन्ही हातांनी जोर केला, आणि स्क्रू हलला नाही तेव्हा त्यांना बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा. कुंदाने ते पाहिलं असावं. ती उठून आत गेली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. लहानपणी वामनराव तिच्या डोक्यावर जिरवत तसं तिने तेल बोटांनी स्क्रूवर जिरवलं. मग ती अंगणात जाऊन माडाला टेकून उभी राहिली आणि थांबली. घाई केली नाही.

वामनरावांनी पुन्हा जोर लावला. स्क्रू करकरला, आणि फिरला.

दोरी सुटू लागली. अंगण धक्क्यापासून हातभर गेलं, मग होडीभर गेलं. सासूबाई कुशीवर वळल्या. कुंदा माडाशी उभी राहून बापाकडे बघत होती, आणि वामनरावांना वाटलं, आता ही हात हलवेल, धुक्यात जाईपर्यंत हलवत राहील. तेवढ्यात आतून भात उतू गेल्याचा चर्रर्र आवाज झाला. कुंदा पदर खोचून वळली आणि आत पळाली.

ती पुन्हा बाहेर आली नाही. अंगण रिकामंच लांब जात राहिलं. रीळ सुटत होतं, आणि वामनरावांनी ते सुटू दिलं.