पंचनदरावांची शिफारस

सकाळी पावणेनऊला समोरच्या फ्लॅटमधले पंचनदराव असतील तिथे ताठ उभे राहतात. दोन गल्ल्या पलीकडच्या कॉन्व्हेंट शाळेत तेव्हा घंटा होते आणि इकडे हे हात जोडून शाळेची प्रार्थना म्हणतात. गळ्यात जानवं, कपाळाला गोपीचंदन. तव्यावर डोसा असेल तर तो जळतो.

चेन्नईत आल्याआल्या हे पाहून मी चक्रावलो. शेवटी धीर करून विचारलं, "राव सर, तुम्ही धर्म बदललात का?"

"अस्क पाहिलास, गंध पाहिला नाहीस?"

'अस्क' म्हणजे सगळं. त्यांचं मराठी तंजावरचं, माझं नाशिकचं. निम्मं मला कळतं, उरलेल्या निम्म्याला मी मान डोलावतो. अशाच एका होकारापायी मी एक अख्खा रविवार त्यांच्या जुन्या गणिताच्या वह्यांना कव्हरं घातली.

पस्तीस वर्षं त्यांनी त्या शाळेत गणित शिकवलं. एकादशी करतात आणि गुड फ्रायडेचा उपासही. "कोळणीची पोर, जज्जाची पोर, अस्क एका बाकावर," हे ते मला आठवड्यातून दोनदा सांगतात. माझी बायको अजून विचारते, हे नक्की आहेत तरी कोण? मला सांगता येत नाही.

आमच्या इराला त्याच शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा त्यांनी मुलाखतीची तयारी इराऐवजी माझीच करून घेतली. "बाप काय वाचतो? येत नसेल तर येत नाही म्हण. सिस्टरकडे थापा नक्को." वर एक बंद पाकीट दिलं. मी खूश. एवढा वशिला म्हणजे प्रवेश झालाच.

मुख्याध्यापिका सिस्टरनी पत्र वाचलं आणि हसून माझ्यापुढे सरकवलं. इराबद्दल एकच ओळ होती, "मूल ठीक आहे." बाकी सगळं स्वतःबद्दल. गुडघे शाबूत आहेत, चष्म्याचा नंबर स्थिर आहे, मुलीला रोज सोडायला आणि न्यायला येऊ शकेन. मला काही कळेना. शिफारस कोणाची होती?

"तुमच्या बिल्डिंगमधून अर्ज आला की हेच पत्र येतं," सिस्टर इंग्रजीत म्हणाल्या. "मुलाच्या कार्डाशिवाय आम्ही कोणाला आत सोडत नाही, जुन्या शिक्षकांनाही नाही. आणि सगळे पालक व्हॅन लावतात."

मला एकदम वाईट वाटलं. व्हॅन मीही ठरवून ठेवली होती.

इराचा नंबर सोडतीत लागला. फॉर्ममध्ये 'मुलाला नेणारी व्यक्ती' यापुढे मी पंचनदरावांचं नाव घातलं. नात्याच्या रकान्यापाशी बराच वेळ अडलो, मग 'आजोबा' लिहिलं.

संध्याकाळी त्यांना सांगितलं. त्यांनी इराचं कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"सरी, कन्ना," ते मला म्हणाले, म्हणजे 'बरं, बाळा'. "शाळा आता सुटते किती वाजता?"