कुसुंबी, रुपेरी आणि अखंडा या तीन भुयारी गाड्यांची हकीगत

श्रीभूमातेस दंडवत, जिणे आपुले उदरी माणसांस वाट दिली. श्रीविद्युल्लतेस दंडवत, जिचे बळे त्या वाटेने गाड्या धावतात. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राजधानीत जे वर्तमान जाहाले, ते ज्यांणी डोळां देखिले त्यांचे मुखे ऐकोन, पदरचे कांही न घालिता, येथे लिहिले असे.

नदीचे दोही तीरी वसलेले एक राज्य होते. गादीवर बाईसाहेब सरकार विराजमान होत्या. त्यांचे आजेसासरे थोर पुरुष, त्यांणी शहराखाली भुयार खणविले आणि त्यात गाडी चालविली. ती गाडी कुसुंबी रंगाची, म्हणोन लोक तीस कुसुंबी म्हणत. मग त्यांचे चिरंजीवांचे कारकीर्दीत दुसरी गाडी आली. तीस रंग म्हणोन दिलाच नाही, उघडा पत्रा घासून चकचकीत ठेविला, म्हणोन ती रुपेरी. या दोही गाड्यांवर, रुळांवर आणि फलाटांवर हुकूमत भुयारी गाडीखान्याचे दारोगे नागोपंत यांची. नागोपंत तरुणपणी स्वतः कुसुंबी हाकीत असत, आणि मग चढत चढत दारोगे जाहाले. मनुष्य कामास चोख, जिभेस तिखट, आणि कुसुंबीचे नाव निघता लोण्याहून मऊ. ते म्हणत, "गाडी पुष्कळांस करता येते. जीव घालणे एखाद्यासच येते." आणि त्यांचे म्हणणे अगदीच वावगे होते ऐसे नाही. कुसुंबीचे तळास सागवानी फळ्या, त्यांस तेलाचा वास. बैठका मखमलीच्या, आत स्प्रिंगा, त्यामुळे वळणावर माणूस हळूच उडे आणि शेजारी अनोळखी असला तरी दोघे हसत. दिवे पिवळे, त्यांचे उजेडात कोणाचेही तोंड वाईट दिसत नसे. आणि गाडी सुटताना मोटरीतून तीन स्वर चढते निघत, ते ऐकोन फलाटावरचे गवई तंबोरा लावून घेत, ऐसी वदंता होती. रुपेरीचेही भक्त थोडे नव्हते. ते म्हणत, कुसुंबी म्हणजे आजोळची बैठक, बसावे आणि डुलकी घ्यावी. गाडी ती रुपेरी, बाणासारखी सुटते, दारे टाळी वाजविल्यासारखी लागतात, आणि पुढील डब्यात हाकणाराचे शेजारी काच आहे, तीतून अंधार अंगावर धावून येताना पाहावा, त्यासारखे सुख नाही. या वादात लग्ने मोडली नाहीत, परंतु पंगतीत पाने दूर मांडिली गेली ऐसे दाखले आहेत.

नागोपंतांस एकच कन्या, वेणूबाई. मुलगी बुद्धीची तल्लख, बापाचे हाताखाली गाडीखान्यात वाढली, मोटर उघडोन पुन्हा जोडणे हा तिचा खेळ. परंतु वयात येता एके दिवशी जेवताना ती बोलली, "बाबा, कुसुंबी देखणी आहे, पण आत्याला तीत चढवत नाही. पायरी उंच आहे आणि दार अरुंद. दोघांनी उचलून घ्यावे लागते, आणि ती लाजते." आत्या म्हणजे नागोपंतांची वडील बहीण आवडाबाई, त्यांचा गुडघा अधू होता. नागोपंतांस आपुले गाडीस कोणी उणे बोललेले सोसत नसे. ते पानावरून न उठता म्हणाले, "ज्यांस चढवत नाही त्यांणी वरून टांग्याने जावे. भुयार कोणासाठी अडले नाही." आवडाबाई वाढीत होत्या, त्या वाढीतच राहिल्या. वेणूबाई पानावरून उठली. मग ती परमुलुखी गाड्या घडविण्याची विद्या शिकण्यास गेली, आणि पत्रे आईस येत, बापास नमस्कार तेवढा असे. ऐसी कित्येक वर्षे गेली.

मग बाईसाहेब सरकारांचे मनात आले की नदीखालील नवे भुयार पुरे होत आहे, त्यात नवी गाडी असावी. दिवाण हैबतराव यांणी नमुने मागविले आणि सरकारांणी जो पसंत केला, तो वेणूबाईचा निघाला. गाडीचे नाव अखंडा. अखंडा ऐसी की दोन डब्यांमध्ये भिंत नाही, या टोकास उभे राहिले तर त्या टोकापर्यंत नजर जाते, आणि वळणावर आपुलीच गाडी पुढे नागिणीसारखी वळताना आतून दिसते. तळ फलाटाशी सपाट, पायरी नाही. दारे रुंद, वारा गार. उणे इतकेच की बाके कठीण होती. नागोपंत एकदा बसून पाहून म्हणाले, "यावर बसणारा प्रवासी नव्हे, आरोपी वाटतो." वेणूबाईने ऐकिले आणि दुसऱ्या दिवशी बाकांचा उतार बदलिला, परंतु बापलेकीचे बोलणे गाडीपलीकडे गेले नाही. ती दारोगेसाहेब म्हणे, हे वेणूबाई म्हणत. घरी ती आईस भेटोन जाई, ते समयी नागोपंत गाडीखान्यात असत. नसले तरी जात.

दिवाण हैबतराव हिशेबी गृहस्थ. त्यांणी सरकारांस अर्ज केला की तीन जातींच्या गाड्या म्हणजे तीन जातींची चाके, तीन जातींचे कारागीर. दौलतीस एकच जात बरी, बाकीच्या मोडून लोखंड गाळावे. बाईसाहेब म्हणाल्या, "बरे. अखंडा नदीखालून चालवून पाहू. आम्ही स्वतः बसू. मग कोणती ठेवावी आणि कोणती मोडावी, हे नागोपंतांनी सांगावे. त्यांच्याहून कोणास कळते?" हे ऐकोन नागोपंत पेचात पडले. अखंडा वाईट म्हणावी तर लेकीची विद्या भर दरबारी बुडवावी, आणि बरी म्हणावी तर कुसुंबी आपुले मुखे भट्टीत घालावी. ते घरी येऊन जेवले नाहीत. पत्नीने पुसिले, "काय झाले?" ते म्हणाले, "सरकारांनी मान दिला." इतकेच बोलोन अंगणात येरझारा घालीत राहिले.

नेमिले दिवशी सकाळी सरकारांची स्वारी फलाटावर आली. रयतेसही मज्जाव नव्हता, त्यामुळे गाडी भरली. पुढील डब्यात बाईसाहेब, दिवाण, नागोपंत आणि हाकणाराचे पाठीशी वेणूबाई. मागील फलाटावर नित्याची कुसुंबी आपुले पाळीची वाट पाहात उभी होती. अखंडा सुटली ती आवाजाशिवाय सुटली. लोक म्हणाले, सुटली की काय? आणि पाहतात तो फलाट मागे सरला. बाईसाहेब वळणावर मागे पाहोन म्हणाल्या, "अग वेणू, आपली शेपटी दिसते." वेणूबाई हसली. नागोपंतांणी तिचे हसणे बहुत दिवसांनी पाहिले आणि तोंड फिरविले. मग गाडी नदीखाली आली, आणि ऐन मध्यभागी एक हिसका बसला, आणि गाडी थांबली. दिवे अर्धे जाहाले. वारा बंद पडला. वर नदी वाहते आहे हे प्रत्येकास एकदमच आठवले. दिवाण साहेबांणी खांब धरिला तो दोही हातांणी.

नागोपंतांचे मनात पहिल्याने जे आले ते ऐसे की, कुसुंबी ऐसी कधी थांबली नसती. परंतु तोच त्यांणी लेकीकडे पाहिले. तिचे तोंडावर रक्त नव्हते. आणि मग त्यांस दुसरे कांही सुचेना, इतकेच वाटो लागले की हिचे हातून हे निभावो. ते जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "वेणू, काय बिघडले?" वेणूबाईने चमकोन वर पाहिले, कारण वेणू ऐसे ते बहुत वर्षांणी म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, भुयारातल्या दाबाने मधले एखादे दार सुटल्यासारखे गाडीला वाटले. दार उघडे असता चालायचे नाही, ऐसे मीच तिला शिकविले आहे. आता ती माझेही ऐकत नाही." नागोपंत म्हणाले, "मग?" ती म्हणाली, "मागून कुसुंबी आणून ढकलावी लागेल. त्याआधी प्रत्येक डब्याचा ब्रेक बाकाखालच्या दांड्याने हाताने सोडावा लागेल. पुढचे मी सोडते. मागचे कोण सोडील?" नागोपंत म्हणाले, "मी आहे की. पण तुझ्या गाडीचा जोडणीचा आंकडा कुसुंबीस जुळेल कसा?" वेणूबाई म्हणाली, "जुळेल. कुसुंबीच्याच मापाने केला आहे." नागोपंतांणी पुसिले, "का?" ती म्हणाली, "अडलेल्यास ढकलायला घरचेच माणूस लागते, बाबा."  मागील फलाटावर फोन करून कुसुंबी हळूहळू आणावी ऐसी आज्ञा नागोपंतांणी दिली आणि बाह्या सारून ते शेपटाकडे निघाले.

आता कुसुंबी असती तर भिंतीमुळे या डब्यातून त्या डब्यात जाता आले नसते, आणि मागील लोकांस पुढील खबर कळली नसती. अखंडेत नागोपंत चालत गेले आणि वाटेने सर्वांस सांगत गेले, "घाबरू नका, मागून गाडी येते आहे, आपल्याला ढकलील." आणि जेथवर त्यांचा शब्द पोचला तेथवर लोकांणी सुस्कारा टाकिला, आणि तो सुस्कारा त्यांचे पुढे पुढे धावला. मधील डब्यात येता एका बाकावर आवडाबाई बसलेल्या दिसल्या, काठी मांडीवर आडवी. नागोपंत थबकोन म्हणाले, "ताई, तू इथे? तुला कोणी चढविले?" आवडाबाई म्हणाल्या, "कोणी नाही. एकटी चढले. फलाटावरून अशी आत आले, उंबरा नसलेल्या घरात यावे तशी." मग म्हणाल्या, "तू जा, नागू. तुझे काम कर. मला भीती नाही." नागोपंतांणी वाकोन बहिणीचे पायास हात लाविला, ते कोणी पाहिले नाही, पाहिले त्यांस वाटले दांडा शोधीत असतील. मग त्यांणी तेथील ब्रेक सोडिला, मागील डब्यांचे सोडीत गेले, आणि शेवटले दाराशी काचेतून हातदिवा दाखवीत उभे राहिले.

मग लांबून अंधारात पिवळे दिवे आले. कुसुंबी येत होती. हाकणारा जुना, नागोपंतांचेच हाताखाली शिकलेला, तो दिव्याच्या खुणेवर बोटभर बोटभर गाडी आणीत होता. नागोपंतांणी दिवा वर केला, खाली केला, स्थिर धरिला, आणि आंकड्यात आंकडा बसला तो आवाज संपूर्ण गाडीने ऐकिला. मग कुसुंबीचे तीन स्वर उठले, परंतु या वेळेस ओझ्यामुळे ते संथ आणि खोल, आणि अखंडा हालली. कोणी जयजयकार केला नाही. कित्येकांस रडू आले आणि ते आले म्हणोन हसू आले. गाडी चढणीस लागली, भुयार राखी जाहाले, मग पांढरे, मग एकाएकी पलीकडील तीराचे ऊन खिडक्यांतून आत आले, आणि लोकांणी डोळे मिटून घेतले. बाईसाहेबांणी फलाटावर उतरोन पहिल्याने पाणी मागितले आणि प्यायल्यावर म्हणाल्या, "नदी सुंदर आहे. वरून."

मग तेथेच, फलाटावरचे बाकावर बसोन, सरकारांणी पुसिले, "नागोपंत, आता सांगा. कोणती ठेवावी?" दिवाण म्हणाले, "सरकार, नवी तर पहिल्याच दिवशी बसली." नागोपंत हात जोडोन म्हणाले, "सरकार, बसली हे खरे. दार नीट होईल, तो दोष चार दिवसांचा. पण बसली असता आत काय झाले ते मी पाहिले. कोणी चेंगरले नाही, कोणी एकटे पडले नाही, आणि माझी बहीण जी पंधरा वर्षे भुयारात उतरली नाही, ती आत निश्चिंत बसली होती. मला कुसुंबी प्रिय आहे. तिची मखमल, तिचे दिवे, तिचा आवाज, यातले एकही हिच्यात नाही. पण ती माझ्या आवडीची गाडी आहे, आणि ही सर्वांच्या सोयीची. अखंडा ठेवावी."  बोलणे संपल्यावर छातीवरील धोंडा उतरावा तैसे त्यांस हलके वाटले, आणि त्यांचे त्यांसच नवल वाटले.

बाईसाहेबांणी वेणूबाईस पुसिले, "आणि तुझे काय मत?" वेणूबाई म्हणाली, "सरकार, ज्या गाडीने आज आम्हांस बाहेर काढले तिला मोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि खरे सांगायचे तर, कुसुंबीच्या बैठका मला अजून साधलेल्या नाहीत. त्या समोर असल्या तर शिकेन." बाईसाहेब दिवाणांकडे वळल्या. हैबतराव खांब धरोन धरोन दुखावलेले हात चोळीत होते. ते म्हणाले, "सरकार, लोखंड दौलतीत पुष्कळ आहे." मग आज्ञा जाहाली की नदीखालून अखंडा चालावी, टेकडीकडील वाटेस रुपेरी चालावी, आणि कुसुंबी जुन्या शहरात, जेथवर तिचे चाक फिरेल तेथवर फिरावी. कोणतीही गाडी झिजण्याआधी मोडू नये. हे ऐकोन फलाटावरील रुपेरीचे भक्तांणी कुसुंबीचे भक्तांस पान दिले, आणि त्यांणी ते घेतले.

तिसरे प्रहरी सरकारांची स्वारी परतली. नागोपंत, वेणूबाई आणि आवडाबाई फलाटावर राहिली. नागोपंत म्हणाले, "घरी येतेस?" वेणूबाई म्हणाली, "येते." आवडाबाई म्हणाल्या, "मग उगाच उभे का?" नदीवरील जुन्या पुलावरून जाणारी रुपेरी पहिल्याने आली, तीतच तिघे बसली. रुपेरीस पायरी होती, तेव्हा नागोपंतांणी एक हात धरिला आणि वेणूबाईने दुसरा. वाटेने गाड्यांविषयी कोणी चकार शब्द काढिला नाही. वांग्याचे भरीत करावे की मेथी, इतकेच बोलणे जाहाले, आणि भरीत ठरले.

सारांश, तीन गाड्या होत्या त्या तीनही राहिल्या, माणसे नदीखाली गेली ती सर्व वर आली, आणि बापलेक एका पंगतीस जेवली. राज्यास याहून अधिक काय पाहिजे? लिहिणाराने लिहिले, ऐकणाराने सुखरूप घरी जावे.