हिंदुरावअण्णांचा सेंटर

हिंदुरावअण्णा माणसाचं तोंड बघत नाहीत. त्यांची नजर आधी टाळूवर जाते, तिथनं सरळ पायापर्यंत येते, आणि मग ते निकाल देतात. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मी त्यांना कौतुकानं स्टेजवर नेलं. नवरदेव पाया पडला, तर आशीर्वाद द्यायचं सोडून हे म्हणाले, "पाच-आठ. गार्डला चालला असता, पर आता संसारात पडला." नवरी नवऱ्यापेक्षा उंच होती. तिच्याकडं अण्णा हिशोबी नजरेनं बघायला लागले तसं मीच त्यांना हाताला धरून पंगतीकडं ओढत नेलं.

मयताला तर त्यांना नेऊच नये. आमच्या गल्लीतले एक लांबलचक गृहस्थ गेले. तिरडीचे बांबू आखूड पडले म्हणून सगळे खोळंबून उभे होते, बाया रडत होत्या. अण्णा माझ्या कानात, म्हणजे चौथ्या घरापर्यंत जाईल एवढ्या हळू आवाजात, म्हणाले, "सहा-दोन गडी हो! जन्मभर तलाठ्याच्या खुर्चीत बसून वाया गेला." त्यांना आवरायला म्हणून मी त्या दिवसापासनं गल्लीतल्या मयताला त्यांच्याआधी जातो आणि त्यांच्यानंतर निघतो.

हा सगळा आजार बास्केटबॉलचा. आता कोल्हापुरात माणसाला खेळाचं वेड नसलं तरच लोक डॉक्टरला दाखवतात. पण ते वेड फुटबॉलचं असावं, कुस्तीचं असावं. बास्केटबॉलचं वेड म्हणजे गावात मटणाचा रस्सा शिजत असताना एकट्यानं उपास धरण्यासारखं आहे. अण्णांना ते लागलं गॅलरीमुळं. त्यांच्या घराची मागची गॅलरी आमच्या कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टावर उघडते. दूध संघातनं रिटायर झाल्यावर माणूस चहाचा कप घेऊन गॅलरीत बसला, तो उठलाच नाही.

कॉलेज लहान. त्याचा संघ दरवर्षी स्पर्धेला सकाळच्या गाडीनं जातो आणि दुपारच्या जेवणाला परत येतो. पहिली फेरी ओलांडलेली कुणी बघितलेली नाही. तरी जुलै उजाडला की अण्णा ठासून सांगतात, "औंदा जाळी फाडतोय बघा!" जाळी आमच्या कोर्टावर कित्येक वर्षं नाहीच. फक्त रिंग आहे, आणि तिच्यावर कावळा बसतो.

माझं कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. जुलैमध्ये प्रवेशाची गर्दी असते, धंद्याचे दिवस. त्याच दिवसांत माझ्या बाकड्यावर या संघाच्या भवितव्याची बैठक भरते. बैठकीत माणसं तीन. अण्णा, सलीमभाई आणि मी. सलीमभाई टेलर आहेत, संघाच्या जर्सी तेच शिवतात, त्यामुळं कोण वाळला आणि कोण सुटला हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. ते स्वभावानं निराशावादी. "अण्णा, गेल्या साली बी तुमी असंच म्हणलासा," एवढंच ते म्हणतात आणि चहा बशीत ओततात. मी बैठकीत आहे कारण बाकडं माझं आहे. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, हे मी लपवत नाही.

अण्णांनी माझ्या दुकानाच्या चौकटीवर खडूनं सहा फुटांची खूण केली आहे. पोरगं मार्कलिस्ट झेरॉक्स करायला आलं की आधी खुणेला उभं करायचं. मी ओरडतो, "अण्णा, दुकान आहे हे, सैन्यभरती नव्हे! गिऱ्हाईक पळतंय माझं!" तर म्हणतात, "बुटकं गिऱ्हाईक पळालं तर पळू द्या की."

यंदाच्या जुलैत एक पोरगं आलं आणि माझ्या शटरला त्याचं डोकं धाडकन आपटलं. अण्णांच्या हातातला कप खाली पडला. कप माझा होता.

"पावणं, गाव कुठलं?"

"चंदगडकडलं," पोरगं डोकं चोळत म्हणालं.

"उंची?"

"सहा-चार."

अण्णांनी सलीमभाईंकडं बघितलं. सलीमभाईंनी बशी खाली ठेवली. मी आयुष्यात त्यांना भरलेली बशी खाली ठेवताना पहिल्यांदा बघत होतो.

"बास्केटबॉल खेळलाईस?"

"न्हाय. गावात व्हॉलीबॉल, जरा जरा."

"चेंडू हाताला लागतोय न्हवं? मग झालं की! रिंगखाली सेंटरला उंचीच लागती." अण्णा उठले, पोराला दंडाला धरलं आणि फाटकातनं थेट जाधवसरांच्या खोलीत घेऊन गेले. जाधवसर म्हणजे कॉलेजचे खेळाचे मास्तर. पोराची झेरॉक्स माझ्या मशीनमध्येच राहिली.

पोराचं नाव ओंकार गावडे. सरांनी त्याला खेळाच्या कोट्यातनं हॉस्टेलची खोली मिळवून दिली. चंदगडाहून रोज एसटीनं येऊन कॉलेज करणं कुणाच्या बापाला जमणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच. म्हणजे खोली होती म्हणून कॉलेज होतं, आणि संघात होता म्हणून खोली होती. पोरगं हुशार, बोलायला गरीब, आणि अंगानं शेवग्याची शेंग. सलीमभाई माप घ्यायला आले आणि टेप गळ्यात टाकून म्हणाले, "ह्येला जर्सी नको. छत्रीची पिशवी शिवतो."

हे वाक्य अण्णांना लागलं. आणि इथनं पुढं जी चूक झाली ती जगाच्या पाठीवर फक्त कोल्हापूरकरच करू शकतो. अण्णांनी त्या पोराला खुराक चालू केला.

सकाळी दूधकट्ट्यावर नेऊन समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध, फेसासकट. दुपारी बदाम वाटलेली थंडाई. आणि संध्याकाळी अण्णांच्या घरी जेवण. भाकरी, लोणी, खर्डा, बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा. अण्णा स्वतः रांधायचे. मी म्हणालो, "अहो, त्याला उडी मारायचीय. कुणाला चीत करायचं नाही!"

"कोल्हापुरात ऱ्हाऊन दुधाला नावं ठेवताय?" अण्णा गरजले. "शरम वाटाय पायजे. आवं, कुस्ती असू दे न्हायतर बास्केटबॉल, शेवटी आत खेळतंय काय? दूध!"

मी झेरॉक्स काढत बसलो.

ऑगस्टमध्ये सरावाचा सामना ठरला. मुरगूडकडनं एक संघ आला. अण्णा हलगीवाला घेऊन आले आणि खिशात गुलालाची पुडी. "औंदा काय खरं न्हाय त्यांचं," असं त्यांनी फाटकातल्या वॉचमनपासनं मुरगूडच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना सांगितलं. ओंकार मैदानात आला आणि मी डोळे चोळले. ती शेवग्याची शेंग गेली होती. समोर एक भरलेलं कणगं चालत येत होतं, चांगलं गालाबिलांसकट.

शिट्टी वाजली, चेंडू वर उडाला, ओंकारनं हात वर केले. तेवढ्यात काखेपासनं कमरेपर्यंत जर्सी चर्रर्र करून फाटली. "माप जुलैचं हाय! माझ्या शिलाईचा दोष न्हाय!" सलीमभाई बाहेरनं ओरडले. उडी म्हणाल तर पायाखालनं पोस्टकार्ड सरकेल एवढी. मुरगूडची पोरं चिमणीसारखी. ती इकडं टोपली करून तिकडं जायची तेव्हा आमचा सेंटर अर्ध्या कोर्टात कमरेवर हात ठेवून श्वास घेत असायचा. हलगीवाला लाजून थांबला. अण्णा मात्र शेवटपर्यंत ओरडत होते, "दमानं घे ओंकार, दूध मुरतंय अजून!"

दुसऱ्या दिवशी जाधवसर दुकानात आले ते फणफणतच. "मी सेंटर मागितला होता, माल भरलेला ट्रक नव्हे! महिन्याभरात वजन उतरलं नाही तर नाव काढणार. आणि नाव काढलं की हॉस्टेलची खोली गेली, तिथं माझं काही चालत नाही. त्या म्हाताऱ्याला कुणीतरी सांगा, खायला घालणं बंद करा म्हणावं."

"सर, तुम्हीच सांगा की."

"मी?" सर एकदम मवाळ झाले. "मागं एकदा बोललो होतो. दोन तास ते मला दुधाचं फॅट समजावून सांगत होते."

सलीमभाईंनी हात झटकले. राहिलो मी. घोंगडं माझ्या गळ्यात. मला चीड आली ती पोराची. चांगलं अठरा वर्षांचं घोडं, त्याला नको म्हणता येत नाही? संध्याकाळी तो फाटकातनं अण्णांच्या घराकडं निघालेला दिसला तसा मी त्याला हाक मारून बाकड्यावर बसवला. बाकडं करकरलं.

"काय रे, तोंडाला कुलूप घातलंय काय कुणी? पोट भरलं की पुरे म्हणावं, एवढं चंदगडात शिकवत नाहीत? खोली गेली तर बसशील काजू वेचत!"

तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "काका, मला दोन भाकरीच्या वर लागत न्हाय."

"मग कोंबतोस कशाला?"

"पयल्या दिवशी मी दोन खाल्ल्या आणि उठलो. तर अण्णांनीबी हातातली अर्धी टोपल्यात ठेवली आणि पाणी पिऊन उठले. दुसऱ्या दिवशीबी तसंच. मी थांबलो की ते थांबत्यात. मग मी मुद्दाम तिसरी मागितली, तर त्यांनीबी एक घेतली." त्यानं आवाज खाली आणला. "त्यांच्या घरच्या आजी गेल्यापासनं रातचं नुस्तं च्या-बटर खात हुते म्हणं. चूलच पेटवली न्हाय. मीच उठलो तर ते कसं जेवणार, काका?"

मी त्या पोराला झापायला बसवलं होतं. अण्णांच्या भिंतीला भिंत लागून राहतो मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि त्या पोराच्या गुबऱ्या गालांवरनं हात फिरवावा असंही वाटलं. पण तो बसूनही माझ्याएवढा उंच होता. मी म्हणालो, "आज तू जाऊ नकोस. हॉस्टेलवर जा आणि काकडी खा."

आणि अण्णांच्या घरी मी गेलो.

अण्णा स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. एकीचाही आकार दुसरीसारखा नव्हता, आणि गोल तर कुठलीच नव्हती. पाटावर दोन ताटं मांडलेली. माझ्या टाळूकडं बघून ते म्हणाले, "तुमी? सेंटर कुठाय?"

"आज मी जेवणार तुमच्याकडं. आमची बायको माहेरी गेलीय."

"आत्ता तिन्हीसांजंला माझ्याकडनं कढीपत्ता न्हेला की तिनं."

मी सरळ ताटावर बसलो. त्यांनी वाढलं. पिठलं झकास होतं, खर्डा डोक्यात गेला. मी खाताना ते माझी नापसंतीनं पाहणी करत राहिले. "पाच-चार. वर ही ढेरी. तुमाला खाऊ घालून संघाचा काय फायदा?"

"सांत्वन म्हणून घाला," मी म्हणालो.

एक भाकरी झाली. दुसरी निम्मी झाली. मी शब्द जुळवत होतो. तव्यावरची भाकरी उलटत, माझ्याकडं पाठ करून, अण्णाच म्हणाले, "सरांनी पाठिवलं व्हय?"

"व्हय."

"पोरग्याची खोली जाती म्हणं."

"वजन उतरलं नाही तर जाईल, अण्णा. आणि खोली गेली की कॉलेज गेलं."

तव्यावरची भाकरी जरा करपली. त्यांनी ती काढली, फडक्यानं पुसली, आपल्या ताटात घेतली. कोल्हापूरच्या दुधावर मला व्याख्यान मिळणार म्हणून मी तयारीत होतो.

"मग बंद," ते म्हणाले. "उद्यापासनं न्हाय. दूध न्हाय, थंडाई न्हाय, जेवान न्हाय. माझं चुकलं म्हणून सांगा सरास्नी." मग ते समोर येऊन बसले आणि भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "फकस्त त्या पोरग्याला एवढं सांगा. सांजचं हितं येऊन बसल्यानं काय वजन वाढत न्हाय. खाऊ नगो म्हणावं कायबी. मी जेवतोय तवर समोर नुस्तं बस म्हणावं."

मी "सांगतो" म्हणालो. ते तुकडा तसाच हातात धरून बसले होते. माझं पोट गळ्यापर्यंत भरलं होतं. मी ताट पुढं केलं.

"अण्णा, अजून एक भाकरी वाढा."