खुर्च्यांचे मोघेकाका

आमच्याकडे पाहुणे बसलेले असले की मोघेकाका हमखास येतात आणि नमस्काराच्या आधी पाहुण्यांच्या खुर्चीच्या हाताखाली आपला हात घालतात. परवा माझे व्याही दचकून उभेच राहिले. काका मात्र खुशीत म्हणाले, "हात आरपार गेला, म्हणजे ही फ्रेंचांची फोतॉय! बाजू बंद असत्या तर बर्जेर झाली असती. बसा, बसा."

काका शेलूतले आमचे शेजारी, अगदी समोरच्या दारातले. कॉलेजात फ्रेंच शिकवून निवृत्त झाले आणि आता मुंबईतल्या एका व्यापाऱ्यासाठी जुन्या फ्रेंच फर्निचरच्या कॅटलॉगांचं इंग्रजी करतात. घरात शब्दकोश ढीगभर आहेत, पण काकांचा त्यांच्यावर भरवसा नाही. "बसल्याशिवाय खुर्ची कळत नाही, देसाई," हे त्यांचं पालुपद. म्हणून ते गावभर बसत हिंडतात. सलूनमध्ये, दवाखान्यात, नव्या इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटमध्येसुद्धा. बसतात म्हणजे टेकतात, डोळे मिटून काहीतरी पुटपुटतात आणि उठून चालू लागतात. खुर्च्यांवर पोट भरणारा हा माणूस चहा संपेपर्यंत काही एका खुर्चीत टिकत नाही. त्यांच्याकडे बघून आपल्याच पायांना मुंग्या येतात.

गेल्या मे महिन्यात शेकोटीपुढे बसायच्या बुटक्या खुर्चीचा शब्द आला. काकांनी शेगडी पेटवली आणि तिच्यापुढे पाट मांडला. आमच्या दोन्ही घरचं काम करणाऱ्या सुमनमावशी तिथून ओरडतच आमच्याकडे आल्या. "अवो, काका शेकत बसलेत या उन्हात! मी बोलली, येड लागलं काय? तर म्हनतात, थांबा, शब्द येतोय!" शब्द आला, पण अंगभर घामोळंही आलं.

यंदा मात्र गाडी अडली. शब्द होता कोझोझ, म्हणजे दोघांनी बसून गप्पा मारायची छोटी बैठक. व्यापाऱ्याचे फोनवर फोन. आज शब्द दिला नाही तर पुढचं काम दुसऱ्याला जाणार होतं. आणि काका आमच्या घरात येरझारा घालत होते.

मी वैतागलो. "अहो, 'लव्ह सीट' लिहा आणि सुटा!"

"बसल्याशिवाय?"

"मग बसा की कुठेतरी!"

"त्यांच्या घरातच हाय की दोघांचा बाक," लादी पुसता पुसता सुमनमावशी म्हणाल्या. "त्याच्यावर पुस्तकं रचून ठेवलीत. मला हात लावू देत नाय. काकी गेल्यापासून कोन बसलंच नाय त्याच्यावर."

काका थांबले. त्यांना असं जागच्या जागी उभं मी कधी पाहिलं नव्हतं.

"एकट्याला तो कळत नाही, देसाई," ते हळूच म्हणाले.

माझा वैताग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या घरी गेलो, बाकावरचे शब्दकोश खाली ठेवले आणि एका बाजूला बसलो. काका बाकाच्या कडेला टेकले.

"बोला काहीतरी," ते म्हणाले.

बोलणार काय? मी पाण्याच्या टँकरवर बोललो, माझ्या गुडघ्यावर बोललो, व्याह्यांवर तर भरपूर बोललो. काका हसले. मग पाठ टेकून बसले. मावशींनी आणलेला चहा संपला, तरी ते उठले नाहीत. उठले ते थेट टेबलाशी गेले आणि 'दोघांच्या गप्पांसाठी केलेली बैठक' असं साध्या इंग्रजीत लिहून पाठवून दिलं. व्यापाऱ्याला पसंत पडलं. कॅटलॉग छापूनही आला.

तरी रोज संध्याकाळी आमची बेल वाजते. दारात काका असतात.

"देसाई, जरा येता? तो शब्द पुन्हा एकदा तपासायला हवा."

"हो, तपासायलाच हवा," म्हणत मी चपला घालतो.