उत्तरेच्या भिंतीतलं अपूर्ण काम

ऊर्जेची बचत हा राष्ट्राच्या चारित्र्याचा पाया आहे. आणि पाया म्हटला की तो नव्या घराचाच; जुन्या घराचा पाया आता कोण उकरत बसणार? या थोर विचारातून राज्याची इमारत ऊर्जा संहिता जन्माला आली. ती फक्त नव्या बांधकामांना लागू आहे. जुन्या घरांत राहणाऱ्यांनी तिचं मनापासून स्वागत केलं. कायद्याचं इतकं एकमुखी स्वागत त्याआधी एकदाच झालं होतं, शेजाऱ्याच्या कुत्र्याने किती वाजेपर्यंत भुंकावं हे ठरलं तेव्हा.

संहितेची अंमलबजावणी करणारं कार्यालय एका भक्कम जुन्या इमारतीत आहे. पुढचं दार फुगल्यामुळे बंद होत नाही आणि मागचं चोरीला गेल्यामुळे. थंडीत प्रत्येक टेबलाखाली एक हीटर असतो, आणि हीटरमुळे गुदमरायला होतं म्हणून खिडक्या उघड्या असतात. पण इमारत जुनी असल्याने नियमाचा भंग कुठेच होत नाही. उलट ऊर्जा म्हणजे काय आणि ती जाते कुठे, याचा प्रत्यक्ष अनुभव कर्मचाऱ्यांना रोज आठ तास बसल्या जागी मिळतो. (जेवणाच्या सुट्टीत हीटर चालूच असतात, म्हणून नऊ तास.)

संहितेची खरी ताकद जिथे दिसली ते घर एका शिंप्याचं. शिंपी आणि त्याची बायको, दोघं मिळून शिवतात. तो कापतो, मशीन चालवतो, ती काज-बटणं आणि हातशिलाई करते. भाड्याच्या खोलीत त्यांनी एकोणीस वर्षं दिव्याखाली काम केलं. दिव्याखाली काळा दोरा आणि गडद निळा दोरा सारखेच दिसतात. त्यामुळे गावातल्या किती निळ्या कोटांना काळी काजं पडली याचा हिशेब नाही. गिऱ्हाइकं सभ्य होती, शिवाय त्यांच्याही घरी दिवेच होते. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिंपीणबाईंना स्वच्छ सांगितलं, "आणखी दोन वर्षं दिव्याखाली शिवलंत, तर सुई ओवून द्यायला माणूस ठेवावा लागेल."

म्हणून घर बांधायचं ठरलं. खरं म्हणजे घर नव्हेच, खिडकी. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, त्यात रंग खोटं बोलत नाही. तेव्हा उत्तरेच्या भिंतीला चार बाय चार फुटांची खिडकी, खिडकीशी बाईंची बसायची जागा, आणि खिडकी एकटी उभी राहत नाही म्हणून भोवती दोन खोल्या, असा साधा बेत होता.

नकाशा मंजूर झाला तेव्हा संहितेची पहिली आवृत्ती चालू होती. तीत खिडकीला भिंतीच्या वीस टक्के जागा होती. भिंत आठ बाय दहा, खिडकी चार बाय चार. हिशेब बोटभरही चुकला नाही. भिंत कमरेपर्यंत आली आणि दुसरी आवृत्ती निघाली. बारा टक्के. खिडकी तीन बाय तीनची झाली. भिंत खांद्याला लागली आणि तिसरी आली. पाच टक्के. दोन बाय दोन. खिडकीतून उष्णता बाहेर जाते हे तज्ज्ञांना पहिल्या आवृत्तीच्या वेळी माहीत होतं. दुसऱ्या वेळी त्यांची खात्री पटली. तिसऱ्या वेळी त्यांना राग आला.

गवंडी हातातली चौकट तिसऱ्यांदा कापत म्हणाला, "वहिनी, आणखी एक आवृत्ती थांबलो ना, तर याच लाकडाची तुम्हाला बटणं करून देतो."

"चार भोकांची करा," शिंपीणबाई म्हणाल्या. "तेवढाच उजेड येईल."

दोन बाय दोनची खिडकी बसवून घर उभं राहिलं. पुढची पायरी तपासणीची. या कामासाठी जे अधिकारी येतात त्यांना सगळी वस्ती गळतीसाहेब म्हणते. हे नाव प्रेमाचं आहे. घरातून हवा कुठून निसटते हे शोधण्यात त्यांची हयात गेली. ते स्वतःच्या मुलाच्या लग्नातही मांडवाच्या कडेकडेने हात फिरवत होते, असं सांगतात. त्यांनी धुराची कांडी पेटवून चौकटीभोवती फिरवली, नोंदी केल्या, आणि मग नमुना क्रमांक नऊ बाहेर काढला: 'दार उघडण्याचा वार्षिक अंदाज'.

कारण उघड आहे. भिंत कितीही जाड केली तरी दार ही घरातली सर्वांत मोठी गळती. आणि दार उघडतं माणसांमुळे. तेव्हा कार्यक्षमता वाढवायची तर माणसं मोजायला हवीत.

"गिऱ्हाइकं दिवसाला किती?" गळतीसाहेबांनी विचारलं.

"आठ-दहा," शिंपी म्हणाला.

"म्हणजे वीस उघडझाप. परत कशाला येतात ही माणसं?"

"कपडे न्यायला, साहेब."

"घरपोच करा." त्यांनी लिहून घेतलं. "नातेवाईक?"

इथे नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"हिचा भाऊ महिन्यातून चारदा येतो," शिंपी म्हणाला.

"आणि तुमची बहीण? ती दार लावते तरी का? उंबऱ्यात उभी राहून 'निघते हं वहिनी' म्हणते आणि तासभर बोलते. साहेब, वन्संचं एक येणं चाराच्या बरोबरीने धरा."

"उघडं दार प्रति मिनिट असा वेगळा रकाना आहे," गळतीसाहेब आनंदाने म्हणाले. त्या रकान्यात आजवर कुणी काही भरलं नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. भाऊ महिन्यातून एकदा, बहीण वर्षातून दोनदा आणि तीही न बोलता, या अटींवर दार मंजूर झालं. खिडकीपाशी मात्र गाडी अडली. बाईंनी विचारलं, "दोन बाय दोनमध्ये मला दिसायचं नाही. मग दिवसभर दिवे लावीन. त्याची वीज नाही का जात?"

"जाते ना. पण आमच्याकडे फक्त उष्णता. उजेडाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे."

"मग तिथे जाऊन विचारते."

"जा, पण जपून. जिन्यातला दिवा गेलाय."

बाई उठल्या, अर्ध्या अंधाऱ्या खोलीतून दोन रिळं घेऊन आल्या आणि साहेबांच्या समोर धरली. "यातलं काळं कुठलं?"

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "दोन्ही काळी."

"एक निळं आहे. तुमच्या पँटचं. तिला काळ्याने टीप मारलीय, मीच मारली होती."

गळतीसाहेबांनी पायांकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी संहिता काढली, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली, आणि कलम एकेचाळीसवर थांबले. या कलमानुसार चौकट, काच आणि झडप बसवलेल्या पोकळीलाच खिडकी म्हणतात. चौकट नसलेली पोकळी ही खिडकी नव्हे. ते अपूर्ण काम. अपूर्ण कामाच्या आकाराला संहितेत मर्यादा नाही.

"म्हणजे भोक ठेवलं तर चालेल?" शिंप्याने विचारलं.

"भोक म्हणू नका. काम चालू आहे म्हणा."

"किती मोठं चालू आहे म्हणू?"

"तुमची भिंत, तुमचं काम," साहेब म्हणाले आणि दार अंदाजापेक्षा एकदाच जास्त उघडून निघून गेले.

गवंड्याने दुसऱ्या दिवशी भिंत फोडली. चार बाय चार. बाईंचा आग्रह पडला म्हणून पाच बाय पाच. पूर्णत्वाचा दाखला मिळाला नाही, पण न मिळालेल्या दाखल्यावर राहता येतं. बांधकामासाठी दिलेली तात्पुरती वीजजोडणी दर सहा महिन्यांनी एका अर्जावर वाढते. त्या पाच बाय पाचातून दिवसभर उजेड येतो, आणि उजेडासोबत जे काही यायचं ते सगळं येतं: वारा, धूळ, शेजारचं मांजर, वन्संची हाक. संध्याकाळी तिथे गोधडी टांगतात. गोधडीला संहितेत कलम नाही.

ही युक्ती लपून राहणारी नव्हती. आज वस्तीत दोनशे बारा नवी घरं आहेत आणि एकही पूर्ण नाही. कुणाच्या स्वयंपाकघराला झडप नाही, कुणी जिन्याच्या वर छप्परच घातलेलं नाही, एका निवृत्त शिक्षकांनी तर पश्चिमेची अख्खी भिंत 'काम चालू' ठेवून सूर्यास्ताची सोय केली आहे. विभागाचा वार्षिक अहवाल या वर्षी अभिमानाने सांगतो की राज्यात पूर्ण झालेल्या प्रत्येक नव्या घराने संहितेचं शंभर टक्के पालन केलं. (असं घर एक आहे. ते विभागानेच नमुना म्हणून बांधलं. त्याला खिडकी नाही, दार वर्षातून एकदा मंत्र्यांसाठी उघडतं, आणि आत गेलेले मंत्री लवकर बाहेर येतात.)

एवढं यश मिळाल्यावर चौथी आवृत्ती निघणारच. तिच्यासाठी जाहीर सुनावणी झाली. सभागृह खचाखच भरलं होतं. शिंपीणबाई उभ्या राहिल्या. यंदाच्या थंडीने त्यांची बोटं आखडली होती; डोळे सुधारले होते, पण सुई बोटांत ठरत नव्हती. त्या म्हणाल्या, "नियम चांगला आहे. घर उबदार राहावं, वीज वाचावी, हे कुणाला नको? मला नीट काच लावलेली खिडकी हवी आहे, भोक नको. माझं एवढंच म्हणणं, नियम जुन्या घरांनाही लावा. तुमच्याही खिडक्या दोन बाय दोनच्या करा. मग आठ दिवसांत तुम्हीच तज्ज्ञांना घेऊन बसाल आणि नियम दुरुस्त होईल."

मग अध्यक्षांनी मतं घेतली. संहिता नव्या घरांसाठी आणखी कडक करावी का? एकमताने होय. ती जुन्या घरांनाही लागू करावी का? विरोधात तीनशे अकरा. हात वर करणाऱ्यांची यादी क्रमवार आहे आणि ती कुणालाही पाहता येते. आपला क्रमांक एकशे चौऱ्याहत्तर; आपलं घर जुनं आहे.

बाजूने एक मत पडलं होतं, शिंपीणबाईंचं. ते छाननीत बाद झालं. मतदानासाठी पूर्ण झालेल्या घराचा पत्ता लागतो.